गाडी तापते कधी

आमच्या गल्लीत त्याला सगळे थंडोबा म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, तीस वर्षांपूर्वी. गाड्यांच्या सीटा शिवायचं माझं दुकान त्याच्या गॅरेजच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे माझं शिलाई मशीन आणि त्याची वाकलेली पाठ हे दोनच देखावे मी आयुष्यभर बघत आलोय. राग माझ्या नाकावर असतो. त्याच्या नाकावर चष्मा असतो, आणि तो घसरला तरी वर करायची त्याला घाई नसते. तापणाऱ्या गाड्या हे त्याचं खास काम. माणसं वाफ काढत यायची, म्हणजे गाडीही आणि माणसंही. हा त्यांना स्टुलावर बसवायचा, बॉनेटला हातसुद्धा लावायचा नाही, आणि आधी विचारायचा, "गाडी तापते कधी, ते सांगा. कुठे, ते मी बघतो."

मला हा नखरा वाटायचा. गाडी तापलीय हे आंधळ्यालाही कळतंय, मग चौकशी कसली? पण त्याचं गणित वेगळं होतं. सिग्नलला उभी असताना तापत असेल तर पंखा बघायचा, सुरू केल्या केल्या तापत असेल तर थर्मोस्टॅट. निम्म्या वेळा त्याला दुसऱ्या वाक्यातच उत्तर मिळालेलं असायचं, तरी समोरच्याचं बोलणं तो पूर्ण ऐकून घ्यायचा. गरम रेडिएटरचं झाकण त्याने घाईत एकदाच उघडलं होतं, विशीत असताना. त्याची खूण डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत अजून आहे. तेव्हापासून आपण थंड झालो, असं तो सांगतो.

त्याला एकच मुलगी, बारकी. आता तिशी ओलांडलीय, खांदे माझ्यापेक्षा रुंद आहेत, पण नाव बारकीच राहिलं. लहानपणी शाळेतून आली की दप्तर भिरकावून ती बापासाठी टॉर्च धरायची. एरवी चकार शब्द न बोलणाऱ्या या माणसाचा आवाज फक्त तेव्हा चढायचा, "उजेड कामावर टाक, माझ्या तोंडावर नको!" गॅरेजात टॉर्च धरतो तो शिकणारा आणि पाना धरतो तो मिस्त्री. थंडोबाने कधी कुणासाठी टॉर्च धरलेली मी पाहिली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले. त्याने गॅरेज बारकीच्या हवाली केलं आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर स्वतः बसला. हवाली केलं असं आपलं म्हणायचं. तिने आवळलेला प्रत्येक नट हा नजरेने पुन्हा एकदा आवळायचा.

अशात बाईंची गाडी आली. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बोलायला लागल्या की माझ्यासारखा म्हातारासुद्धा हाताची घडी घालतो. गाडी त्यांच्या दिवंगत यजमानांची, गोल दिव्यांची, फुगीर पाठीची, बाहेरून अजून लखलखीत. इंजिन मात्र पार थकलेलं. बाईंना तीन तासांवर राहणाऱ्या आजारी बहिणीकडे दर महिन्याला जायचं होतं, आणि तेही याच गाडीने, स्वतः चालवत. बारकी म्हणाली, आपण यात नव्या गाडीचं इंजिन बसवू. थंडोबा म्हणाला, "नको. जुन्या अंगाला झेपायचं नाही."

बारकीने ऐकलं नाही. दोन महिने ती त्या गाडीत डोकं घालून होती. इंजिन टेकवायच्या लोखंडी पट्ट्या कापल्या, जोडल्या, चुकल्या, पुन्हा कापल्या. इंजिन बदलायचं तिचं हे पहिलंच काम. सीटा मी शिवल्या, जुन्याच रंगाच्या. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मी मशीन सोडून धावत गेलो होतो. थंडोबा स्टुलावरून उठला नाही.

गाडी गेली आणि दहा दिवसांत परत आली. तापत होती. बारकीने मोठा रेडिएटर बसवला. परत आली. मग थर्मोस्टॅट बदलला, पंखा बदलला, पाण्याचा पंप बदलला. प्रत्येक वेळी इथे उभी करून तासभर चालू ठेवली तर काटा जागचा हलायचा नाही, आणि चार दिवसांनी बाई दारात हजर. पाचव्या खेपेला बाई स्टुलावर बसल्या तेव्हा थंडोबाने त्यांना तो नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. तो म्हणाला, "इंजिन जास्त मोठं आहे, बाई. मी तिला आधीच सांगितलं होतं."

बारकी तिथेच उभी होती. तिने हातातला पाना फडक्याने पुसला, पुन्हा पुसला, आणि जागेवर ठेवून दिला. मला त्या माणसाचा असा संताप आला की सुई बोटात घुसली.

"मग माझं जुनं इंजिन बाहेर काढून ठेवा," बाई म्हणाल्या. "सोमवारी गाडी दुसऱ्या गॅरेजला देते. ते बसवतील परत."

त्या गेल्यावर मी रस्ता ओलांडला. बारकी कोपऱ्यातल्या जुन्या इंजिनावरचं कापड काढून धूळ झटकत होती.

"आता गं?"

"आता काय, काका. ब्रेक, क्लच, ऑइल बदलायचं. इंजिनाच्या भानगडीत पडायचं नाही."

"असं कसं म्हणतेस?"

"बाबांनीच सांगितलंय म्हटल्यावर कोण देणार मला इंजिन?"

तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं.

शनिवारी दुपारी बाई माझ्याकडे आल्या. ड्रायव्हरच्या सीटची शिवण एका जागी उसवली होती. मी टाके घालत होतो आणि त्या बोलत होत्या. "गावात दिवसभर फिरवा, काही नाही. मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटं पळवली की काटा चढतो. बाजूला घेऊन जरा थांबले की आपोआप उतरतो. बारकीला दाखवायला जावं तर गाडी शहाण्यासारखी उभी!"

मी गाड्यांमधला माणूस नव्हे, सीटांमधला आहे. पण तीस वर्षं समोर बसून एवढं मलाही कळलं. सुई हातात तशीच घेऊन मी थंडोबासमोर जाऊन उभा राहिलो.

"जगाला विचारतोस, गाडी तापते कधी. या बाईंना विचारलंस?"

तो स्टुलावर जरा सरकून बसला.

"लेकीची गाडी म्हणून विचारलं नाहीस ना? पळताना तापते ती. उभ्याने नाही."

थंडोबाने चष्मा वर केला. "पळताना?" तो हळू म्हणाला. "पळताना तर वारा फुकटचा मिळतो. आणि एवढा मोठा रेडिएटर. म्हणजे पाणीच फिरत नाहीये." मग त्याने बारकीला हाक मारली.

आम्ही चौघं निघालो. बाई चालवायला, शेजारी बारकी, मागे आम्ही दोघं म्हातारे माझ्याच सीटांवर. गाव मागे पडलं. बाई अशा पळवत होत्या की मी दाराची कडी धरून बसलो. अठराव्या मिनिटाला काटा हलला. बाविसाव्याला लाल रेघेजवळ आला.

"बाजूला घ्या," थंडोबा म्हणाला. "बंद करू नका. गिअर काढा आणि ॲक्सिलरेटर असाच दाबून धरा, पळताना होता तेवढा."

बारकीने बॉनेट उघडलं. दोघं वाकली, मधून मीही डोकावलो. रेडिएटरच्या तळापासून पंपाकडे जाणारी रबराची जाड नळी संपलेल्या टूथपेस्टसारखी चपटी झाली होती.

"सोडा," थंडोबाने सांगितलं. बाईंनी पाय काढला. नळी हळूहळू फुगून गोल झाली, जसं काही झालंच नव्हतं.

"दाबा." पुन्हा चपटी. पंप पाणी ओढत होता आणि तापून मऊ झालेली नळी आतल्या आत मिटत होती.

"बाई, आता सोडा, पण एवढ्यात बंद नका करू," बारकी म्हणाली, आणि मग नळीकडे बघत राहिली. "पण हिच्यात मी स्प्रिंग घातली होती. मिटू नये म्हणूनच घातली होती. मला पक्कं आठवतंय. पंप बदलताना नळी काढून परत लावली, पण आत बघितलं नाही."

बाई खाली उतरून आमच्यामागे येऊन उभ्या होत्या. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मी थंडोबाकडे पाहिलं. हा चेहरा मी ओळखत होतो. झाकण उघडल्याची गोष्ट सांगताना तो असाच दिसतो. त्याने तोंड उघडलं नसतं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. स्प्रिंग गंजून तुटली म्हणता आलं असतं. बारकीनेही मान्य केलं असतं.

"घातली होतीस," तो म्हणाला. "मी काढली."

त्याने बोटाने नळी दाखवली.

"बाई गाडी न्यायला आल्या त्या दिवशी तू नंबर प्लेट आणायला गेली होतीस. नळी तोंडाशी ठिबकत होती. मी फळीवरची दुसरी घातली. काढलेल्या नळीतली स्प्रिंग वाकडी झाली होती, म्हटलं, हवी कशाला. जुन्या इंजिनांना मी चाळीस वर्षं तशीच घालत आलो. त्यांचे पंप एवढं ओढत नव्हते." त्याने बॉनेटची कड धरली होती. "तुला सांगितलं नाही. नळीचं काय सांगायचं, असं वाटलं."

"आणि तिच्या इंजिनाला दोष दिलात, तो कशासाठी?" बाईंनी विचारलं. वर्गात विचारावं तसं.

"मला तसंच वाटत होतं, बाई. आणि वाटायला बरंही वाटत होतं."

एवढं खरं बोललेलं मी आमच्या गल्लीत कधी ऐकलं नाही. मी स्वतः तर बोललोच नाही कधी.

बारकीने बापाकडे पाहिलं नाही. तिने गाडी बंद केली आणि रेडिएटरजवळ हात नेऊन बघितला. "अर्धा तास थांबावं लागेल," ती म्हणाली. आम्ही थांबलो. बाईंनी पाण्याची बाटली काढून आधी बारकीला दिली, मग थंडोबाला. मला सर्वांत शेवटी.

मग हळूहळू, मध्ये थांबत, गॅरेजला आलो. बाई म्हणाल्या, "सोमवारी सकाळी सातला येते. बहिणीला फोन करून ठेवते." दुसऱ्या गॅरेजचं नाव त्यांनी काढलं नाही. जुन्या इंजिनावर बारकीने परत कापड टाकलं.

नवी नळी आणि नवी स्प्रिंग घेऊन ती बापासमोर आली. "तुम्ही बसवता?"

थंडोबाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग भिंतीवरची टॉर्च काढली, आणि गुडघे मोडत, कण्हत, गाडीशेजारी जमिनीवर बसला. बारकी पाठीवर सरकत खाली गेली. मी दारात उभा होतो. त्याचा हात हलत होता, उजेड गाडीच्या पोटाखाली इकडून तिकडे नाचत होता.

"बाबा," आतून आवाज आला, "उजेड कामावर टाका, माझ्या तोंडावर नको."

थंडोबाने दुसरा हात पुढे केला आणि टॉर्च दोन्ही हातांनी धरली.