एकटीची साक्ष

रोज पहाटे दूध काढून झालं की बुरुल आत्या बादली गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवायची, हात पुसायची आणि गावाकडे तोंड करून उभी राहायची. ज्या धुराड्यातून धूर निघेल त्या घराचं नाव ओठातल्या ओठात घ्यायची आणि त्या घरासाठी प्रार्थना करायची. ज्यांनी तिच्या कुत्र्याला विष घातलं होतं, त्यांचंही घर ती वगळत नसे.

"आत्या, दूध गारठतंय," मी म्हणायचे.

"गारठू दे. अब्दीशकडे अजून चूल पेटली नाही."

अब्दीश तिच्या नवऱ्याचा धाकटा चुलतभाऊ. कुत्र्याला विष त्यानेच घातलं होतं.

आत्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती तिशीची होती. सप्टेंबर महिना, इसिक-कूल तळ्याचं पाणी. तिचा नवरा कालिबेक धान्याचा ट्रक चालवायचा. तिसऱ्या दिवशी त्याला पेट्रोल पंपावर कोणीतरी विचारलं, "तुझ्या बायकोला तळ्यात बुचकळली म्हणे. निघाली का स्वच्छ?" तो घरी आला, खुंटीवरचा घोड्याचा चाबूक काढला आणि मुठीकडून मारलं. मूठ लाकडी होती. दोन बरगड्या मोडल्या, त्या पुढे कधी नीट जुळल्याच नाहीत. तिचं बायबल त्याने चुलीत घातलं. ते जळत होतं तोवर ती पीठ मळत होती, हे तोच नंतर सांगायचा, आणि सांगताना खाली बघायचा.

चार वर्षं हेच. रविवारी सकाळी ती चालत ख्रिस्ती मंडळींच्या सभेला जायची आणि संध्याकाळी मार खायची. माझे वडील, तुरगुन, एकदा तिला न्यायला गेले.

"चल घरी. भाऊ मेला नाही अजून."

ती गेली नाही. ते निघून गेल्यावर कालिबेकने विचारलं, "का गेली नाहीस?"

"शब्द दिलाय. तुलाही, ईसालाही. एक मोडला तर दुसऱ्याचा काय भरवसा?"

त्या रविवारी त्याने हात उचलला नाही. पुढचा आख्खा हिवाळा तो गप्प राहिला. वसंतात तिला ट्रकने सभेला सोडू लागला. स्वतः बाहेर ट्रकमध्येच बसायचा, काच खाली करून. पुढच्या वर्षी तोही तळ्यात उतरला. गाव म्हणालं, आधी एक वेडी होती, आता जोडी झाली. माझ्या वडिलांनी त्या दिवसापासून दोघांशी बोलणं टाकलं. बहिणीला मारणारा मेहुणा त्यांनी चार वर्षं सोसला होता; बाटलेला मेहुणा त्यांना सोसवेना.

सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये कालिबेकची मूत्रपिंडं गेली. शेवटच्या दुपारी खोलीत आत्या एकटीच होती. तो म्हणाला, "मेल्यावर माझ्या तोंडी कुणाला मी न बोललेलं काही घालू देऊ नकोस. तूही घालू नकोस."

अंगणात लोकरीच्या जाड नमद्याचा गोल तंबू उभा राहिला. आत प्रेत पडद्याआड ठेवलं आणि रिवाजाप्रमाणे आत्या भिंतीच्या लाकडी जाळीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून बसली. विधवेने मागे वळायचं नसतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बायकांना चहा देत होते, आणि कुणी पीत नव्हतं.

अब्दीश आत आला, तिच्या पाठीमागे उकिडवा बसला.

"वहिनी, कबरस्तानावर माणसं वाट अडवून उभी आहेत. फावडी घेऊन. मी त्यांना थांबवू शकतो."

"थांबव मग."

"तुम्ही एवढंच म्हणा, शेवटच्या दिवशी त्याने कलमा म्हटला. मी त्याला बापाशेजारी पुरून दाखवतो. खोलीत तुम्ही एकट्याच होतात. खोटं पाडायला कोण येणार?"

"म्हणूनच नाही म्हणत. एकटीच होते मी."

"एका वाक्यासाठी भावाला कुत्र्यासारखा रानात टाकणार?"

ती जाळीला धरून बसली.

मग माझे वडील आत आले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी नमाजाची टोपी काढली नव्हती. खाली बसले, आणि आवाज इतका हळू की मी चहाची किटली खाली ठेवली.

"बुरुल, म्हणून टाक. तोंडाचं आणि मनाचं अल्लाला वेगळं कळतं."

"दादा, जिवंतपणी मी त्याच्या नावाने खोटं बोलले नाही. आता त्याला उलट बोलता येत नाही म्हणून बोलू?"

ते उठले आणि तिरडीचा पुढचा दांडा त्यांनी खांद्यावर घेतला.

पुढचं वडिलांनी सांगितलेलं. तिरडीबरोबर सभेची नऊ माणसं होती आणि ते. कबरस्तानाच्या फाटकात चाळीसेक जण. मुल्ला शेरअली म्हातारे, त्यांना हे नकोच होतं. वाद मिटवायला म्हणून ते आले होते. पण तिरडी खाली टेकली, आणि तीस वर्षांची सवय आडवी आली. ते डोक्याशी उभे राहिले आणि नेहमीचा प्रश्न विचारून बसले, "लोकहो, हा माणूस कसा होता?"

हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक मयतीला विचारतात, आणि सगळे एका आवाजात म्हणतात, चांगला होता. तसं म्हटलं की तो माणूस गावाचा, त्याला माती द्यावीच लागते. विचारल्यावर मुल्लांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. कुणी हललं नाही.

"चांगला होता," माझे वडील म्हणाले.

"तुरगुनदादा, शब्द परत घ्या," अब्दीश म्हणाला.

"माझ्या बहिणीच्या बरगड्या मोडल्या होत्या त्याने. पहिली शिवी मीच घातली असती. पण चांगला होता."

अब्दीशचं फावडं त्यांच्या जबड्यावर बसलं. हाडाचा आवाज सुकी फांदी मोडावी तसा आला, असं सभेतल्या एकाने मला सांगितलं. मग दगड आले. तिरडी उलटली, कालिबेक कफनासकट चिखलात पडला, आणि सभेतला एक जण त्याच्यावर आडवा पडून पाठीवर लाथा झेलत राहिला. मुल्ला मध्ये शिरले, त्यांची दाढी धरून त्यांना बाजूला फेकलं. आपलाच मुल्ला होता तो, हे कुणाला आठवलं नाही.

तिथून ती फावडीवाली माणसं आमच्याकडे आली. तंबूचे दोर कापल्याचं आम्हाला आतून कळलं. आधी छताच्या टोकाचं लाकडी चाक कलंडलं, मग जाळी तुटली, मग नमदा अंगावर आला. अंधार, लोकरीचा वास, बायकांच्या किंकाळ्या. कुणीतरी बाहेरून नमद्यावर काठ्या मारत होतं, खाली कोण आहे हे न बघता. माझ्या कपाळातून रक्त आलं. मी चाचपत आत्यापर्यंत गेले. छताच्या दांड्याखाली तिचा खांदा निखळला होता. तिचं तोंड अजून जाळीकडेच होतं.

"आत्या, वळ ना."

"तू माझ्या पाठीशी चिकट. डोकं खाली घे."

माझ्या वाटणीच्या काठ्या तिने निखळलेल्या खांद्यावर घेतल्या.

कालिबेकला घरामागच्या बटाट्याच्या वाफ्यात पुरलं. दुसऱ्या सकाळी खड्डा मोकळा होता आणि तो फाटकाशी पडलेला. पुन्हा पुरला, पुन्हा उकरला. तिसऱ्यांदा वडील जबड्याला तारा बांधलेले, बोलता न येणारे, सिमेंटच्या सहा गोण्या घेऊन आले. त्यांनी एकट्याने माल कालवला, ओतला, आणि सुकेपर्यंत त्यावर खुर्ची टाकून बसले, मांडीवर बंदूक घेऊन. आत्या त्यांना नळीने सूप पाजायची. त्यांनी धर्म बदलला नाही. नमाजाची वेळ झाली की तिथेच चटई टाकायचे. ती तोवर बंदूक धरायची.

"चालवता येते का तुला?" एकदा त्यांनी पाटीवर लिहिलं.

"नाही. पण त्यांना काय माहीत."

पुढे दर मार्चमध्ये, कालिबेकच्या मृत्यूच्या दिवसाआधी, अब्दीश येत राहिला. फाटकाबाहेरून विचारायचा, "वहिनी, म्हणताय का? हलवू त्याला बापाशेजारी." पहिल्या वर्षी आवाजात माज होता. चौथ्या वर्षी नव्हता. त्याची आई मरताना त्याला म्हणाली होती, माझा पुतण्या बटाट्यात कुजतोय आणि तू पोट भरून जेवतोस. आपण चुकलो हे त्याला म्हणता येत नव्हतं. आत्याने एकदा खोटं बोलावं, म्हणजे त्याचं सगळं खरं ठरलं असतं. ती दरवर्षी नाही म्हणायची, आणि त्याच्या गुडघ्यांची चौकशी करायची.

गेल्या शरदात तिच्या छातीत पाणी झालं. बाजेवर उशांना टेकून ती बसायची. मी जमीन पुसून घेतली होती. दुपारी अब्दीश आला, या वेळी फाटक उघडून थेट दारापर्यंत, बुटांना गोठ्याचा चिखल.

"वहिनी, शेवटचं विचारतो," तो म्हणाला आणि उंबऱ्यावरच उभा राहिला.

संध्याकाळ व्हायच्या आत ती वारली. श्वास पुरत नव्हता, त्यामुळे त्याला दिलेल्या उत्तरानंतर ती काही बोललीच नाही. तो मात्र रात्रभर तिच्या उशाशी बसला आणि सकाळी कालिबेकशेजारचा खड्डा त्यानेच खणला. दारात उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघून ती एवढंच म्हणाली होती,

"बूट बाहेर काढ आणि ये आत. पोरीने आत्ताच पुसलंय."