चुडा भरणारी कासारीण

माझ्या लग्नाचा चुडा भरायला ठाकूरद्वारच्या वाडीतल्या आमच्या घरी एक कासारीण आली होती. साठीची, ठेंगणी, घोगऱ्या आवाजाची. माझी पेरं दाबता दाबता ती थांबली आणि आईला, मावश्यांना म्हणाली, "तुम्ही सगळ्या जरा चहा घेऊन या."

त्या गेल्यावर तिने हळूच विचारलं, "पहिल्या रात्रीची भीती वाटते ना, बाय?"

मी सत्तावीस वर्षांची, नोकरी करणारी, मोबाइलवर सगळं वाचलेली. तरी डोळे भरून आले. "खूप दुखतं का हो, मावशी?"

"घाई केली की दुखतं. दुखलं तर सोसत बसू नकोस. 'आज नको' म्हणून सरळ सांग. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरीणबाईंकडे जा. लाजू नकोस."

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. म्हणून तर मी सांगते. या वाडीतली एकही नवरी सोडली नाही मी," ती मान ताठ करून म्हणाली.

लग्नानंतर मी धीर करून नवऱ्याला "आज नको" म्हटलं. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "मलाही धडधडतंय गं," तो म्हणाला. मग आठवडाभर आम्ही नुसत्या गप्पा मारल्या, आणि पहिलं पाऊल मीच उचललं.