खासनीस सर आणि शहर गट

आमच्या कॉलेजचा कुठलाही संघ हरून परत आला की खासनीस सर चष्मा कपाळावर चढवून एकच प्रश्न विचारायचे, "कोणाकडून?" पुढचं सगळं त्या उत्तरावर अवलंबून असे. तळेगावकडून आम्ही खो-खोत हरलो तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले, "घरी सांगू नका." उलट पुण्यातल्या, मनोऱ्यावर मोठं घड्याळ असलेल्या, म्हणजे आमच्या भाषेत घड्याळवाल्या कॉलेजने मैत्रीच्या सामन्यात आमच्या क्रिकेट संघाला एकोणीस धावांत गुंडाळलं, त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. "एकोणीसच," स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत ते सांगत होते, "पण कोणासमोर!" त्या एकोणीसमधल्या आठ अवांतर होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ही गोष्ट बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराची. चिंचवडचं आमचं कॉलेज तेव्हा नवं होतं आणि त्याला स्वतःची इमारत नव्हती. सकाळी सात ते साडेअकरा एका प्राथमिक शाळेत आमचे वर्ग भरत. साडेअकराला घंटा झाली की अर्थशास्त्र अर्धवट सोडून आम्ही उठायचं आणि तिसरीच्या पोरांनी आमच्या जागी बसायचं. खासनीस सर तर्कशास्त्र शिकवायचे. जिमखाना त्यांच्याकडे आला कारण ज्या बैठकीत तो कुणाच्या गळ्यात मारायचा हे ठरलं, त्या बैठकीला ते गैरहजर होते. जन्मात ते फक्त कॅरम खेळले होते, तेही धाकट्या बहिणीशी, आणि हरले होते. कॉलेजची शिट्टी ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवत, पण तोंडाला कधी लावत नसत. "अहो, किती जणांनी फुंकलेली आहे ती!" म्हणायचे. सामना थांबवायचा असला की मैदानाच्या कडेला उभं राहून वर्गात म्हणतात तसं "शांतता!" म्हणायचे. आश्चर्य म्हणजे पोरं थांबायची.

मी जिमखान्याचा चिटणीस होतो. मला खेळता काहीच येत नव्हतं, अक्षर मात्र चांगलं होतं. सर मला नावाने कधी हाक मारत नसत, "अहो चिटणीस" असंच म्हणायचे.

आता गटांचं सांगायला हवं. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी कॉलेजं दोन गटांत वाटलेली होती, शहर गट आणि ग्रामीण गट. आम्ही ग्रामीण गटात. म्हणजे आमच्या खिडकीतून कारखान्यांची धुराडी दिसत होती, भोंग्यावर अख्खं गाव जेवत होतं, तरी कागदोपत्री आम्ही खेडेगाव! सरांच्या मनाला हे फार लागलं होतं. त्यांचा सिद्धांत असा, की माणसाची पायरी तो कुणाबरोबर उठतो-बसतो यावरून ठरते आणि कॉलेजची पायरी ते कुणाकडून हरतं यावरून. "हरायचं तर पायरी बघून हरावं," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा का आपण शहर गटात गेलो, की घड्याळवाल्या कॉलेजच्या बरोबरीने वर्तमानपत्रात आपलं नाव छापून येईल, मग चांगले विद्यार्थी येतील, मग निकाल सुधारेल, मग इमारत होईल. इमारतीचा पाया असा कबड्डीच्या मैदानातून निघत होता. त्यांनी फळ्यावर एक-दोन-तीन करून मांडलं की त्यात खोट सापडत नसे.

पण शहर गट कुणालाही घेत नव्हता. तिथल्या प्राध्यापकांचं म्हणणं, आमच्याशी खेळणारं कॉलेज शैक्षणिक दृष्ट्या आमच्या तोलाचं हवं. कबड्डीत पाय धरणाऱ्याच्या कॉलेजात संदर्भग्रंथ किती, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. दोन वर्षं आमचा अर्ज परत आला. तिसऱ्या वर्षी मात्र तपासणी समिती येणार असं कळवण्यात आलं आणि सर हरखून गेले.

नेमकं त्याच वर्षी बबनचं प्रकरण उभं राहिलं. बबन आमच्या कबड्डी संघाचा कॅप्टन. चाकणच्या अलीकडच्या एका वाडीतला. पहाटे दुधाच्या किटल्या सायकलला लावून निघायचा, दूध घालायचा आणि त्याच सायकलवरून कॉलेजात यायचा. अंगाने आडवा, पण चढाईला गेला की समोरच्या सात जणांना तो नक्की कुठे आहे हेच समजत नसे. त्याचं शेवटचं वर्ष होतं. पिंपरीतल्या एका कंपनीने कबड्डीचा संघ काढायचं ठरवलं होतं आणि तिथल्या साहेबांनी बबनला स्वच्छ सांगितलं होतं, चालू वर्षाचं गटविजेतेपदाचं प्रमाणपत्र आणा आणि कामावर या. गट कुठलाही चालेल. आळंदीजवळच्या एका गावात त्याची सोयरीक ठरत आली होती. मुलीच्या बापानेही स्वच्छ सांगितलं होतं, "कंपनीत लागू द्या, मग सुपारी फोडू." मुलगी बबनला फार आवडली होती. तो मला रोज सांगायचा, "चिटणीस, औंदा कप आला पायजे बगा. न्हाई आला तर माझं काय खरं न्हाई."

ग्रामीण गटात कप आमचाच होता, त्यात शंका नव्हती. म्हणून मी मनातून देवाला विनवत होतो, की समितीला आमचं कॉलेज अजिबात न आवडो.

समिती आली. तीन प्राध्यापक, त्यांतले अध्यक्ष घड्याळवाल्या कॉलेजचे. सरांनी कबड्डीच्या संघाला वाचनालयात वाचत बसवलं होतं. वाचनालय म्हणजे तिसरी 'ब'चा वर्ग आणि दोन कपाटं. बाकं आठ वर्षांच्या मुलांची, पुढचं मेज आणि मागची बैठक एकत्र जोडलेली. तिथे आमचे सात गडी कोंबून बसले होते. अध्यक्ष दारात आले तसा बबन आदराने ताडकन उठला. त्याच्याबरोबर बाकही उठलं. मग बाकीचे सहा जण उठले, आपापल्या बाकांसकट. क्षणभर वर्गात सात बाकं अधांतरी होती. अध्यक्ष दोन पावलं मागे सरकले.

"बसा, बसा," ते म्हणाले. "आपला आवडता विषय कोणता?"

"चढाई," बबन म्हणाला.

सर घाईघाईने म्हणाले, "इतिहास म्हणायचंय त्याला. गडकोटांवरच्या चढाया." अध्यक्षांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला बरं वाटलं. बबनचं लग्न वाचलं असं मी धरून चाललो.

महिन्याभराने पत्र आलं की आम्हाला शहर गटात घेतलं आहे! आमची एक विद्यार्थिनी त्या वर्षी विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत आली होती, त्यामुळे "आपल्या महाविद्यालयाचा उंचावलेला शैक्षणिक दर्जा पाहून समाधान वाटले" असं त्यात लिहिलं होतं. खरं कारण मला विद्यापीठातल्या एका कारकुनाने नंतर सांगितलं. शहर गटातलं एक कॉलेज बाहेर पडलं होतं आणि सामन्यांचा तक्ता जुळत नव्हता. आठवड्याच्या आत आमची संमती कळवायची होती.

सरांनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. चौथ्यांदा स्वतः वाचलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि अशा माणसाला काही वाईट सांगणं म्हणजे पापच. पण मी सांगितलं. बबनची नोकरी, आळंदीकडची मुलगी, प्रमाणपत्र, सगळं. सर ऐकत राहिले. मग त्यांनी तर्कशास्त्राच्या तासाला विचारावं तसं विचारलं, "शहर गटात आपण जिंकण्याची शक्यता?"

"शून्य, सर," मी म्हणालो. मला क्षणभरही थांबून विचार करावा लागला नाही.

 तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. "चिटणीस, लेखणी घ्या. प्राचार्यांची वाट बघू नका, जिमखान्याच्या अधिकारात पाठवतो." आणि मागे हात बांधून फेऱ्या मारत त्यांनी सांगायला सुरुवात केली. आपण दिलेल्या मानाबद्दल आभारी आहोत, पण आमचं कॉलेज आपल्या तोलाचं नाही, हे प्रामाणिकपणे कळवणं भाग आहे. आमच्या ग्रंथालयात दोन कपाटं असून त्यांपैकी एकाची किल्ली सापडत नाही. आमचे वर्ग ज्या बाकांवर भरतात ती आपल्या समितीने हवेत पाहिलेलीच आहेत. गुणवत्ता यादीत आलेली विद्यार्थिनी स्वतःच्या हिमतीवर आली. तिला आम्ही काही शिकवल्याचा पुरावा उपलब्ध नाही.

इथे सर थांबले. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पुढे लिहा. तर्कशास्त्राचे प्राध्यापक अत्यंत सामान्य दर्जाचे आहेत."

"सर, हे कशाला?"

"लिहा हो. त्याशिवाय निष्कर्ष पक्का होत नाही."

मी लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी फार सुंदर आलं होतं, याचंच मला वाईट वाटलं. सरांनी सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि म्हणाले, "बबनला यातलं एक अक्षर कळता कामा नये. उगाच ओझं होईल त्याला."

मंचरच्या मैदानावर आम्ही ग्रामीण गटाचा कप जिंकला. अंतिम सामन्यात बबनने एका चढाईत तिघांना बाद केलं आणि मध्यरेषेवर येऊन पडला तो हसतच. सर सवयीप्रमाणे म्हणाले, "त्यात काय! ते घरी बसले असते तरी हरले असते." महिन्याभरात बबन कंपनीत लागला. आळंदीकडे सुपारी फुटली. लग्नात सर पहिल्या पंगतीत बसले आणि त्यांनी सहा जिलब्या खाल्ल्या, हे मी स्वतः मोजलं आहे.

पत्राचं मात्र निस्तरावं लागलं. त्याची एक प्रत फिरत फिरत आमच्या प्राचार्यांच्या टेबलावर आली. त्यांनी सरांना बोलावून दाराआड अर्धा तास झाडलं आणि जिमखाना काढून घेतला. सरांनी कारण सांगितलं नाही. शहर गटाची दारं बंद झाली ती झालीच. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी होती. ते पत्र पुण्यातल्या सगळ्या स्टाफरूममध्ये वाचलं गेलं होतं. पुढे कितीतरी वर्षं सर पेपर तपासायला विद्यापीठात गेले की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय खासनीस, कपाटाची किल्ली सापडली का?" ज्यांच्या पंगतीला बसायची या माणसाला एवढी हौस होती, तेच लोक हसायचे. सर शांतपणे म्हणायचे, "शोध चालू आहे." मी एकदा त्यांच्यासोबत होतो तेव्हा हे पाहिलं, आणि मला इतका राग आला की मी चहा तसाच ठेवून बाहेर आलो.

एक्याऐंशीच्या आसपास सर निवृत्त झाले आणि कोकणात भावाकडे राहायला निघाले. तोवर मीही पिंपरीतच नोकरीला लागलो होतो. चिंचवडच्या स्टॉपवर त्यांना निरोप द्यायला मी आणि बबन गेलो. बबन पहिली शिफ्ट करून तसाच आला होता, कंपनीच्या कपड्यांत. सरांची ट्रंक त्याने खांद्यावर घेतली होती. बसची वाट बघता बघता तो चेष्टेने म्हणाला, "सर, तुमी समदं केलं, पन आमाला त्या शहर गटात काय घालू शकला न्हाई बगा."

"हो," सर म्हणाले, "राहूनच गेलं ते."

मला राहवलं नाही. सर डोळे वटारत होते तरी मी सगळं बोलून टाकलं. पत्र, किल्ली, सामान्य दर्जाचे प्राध्यापक, सगळं. बबनने ट्रंक हळूच खाली ठेवली. वाकून तो सरांच्या पाया पडला. मग उभा राहून डोकं खाजवत म्हणाला, "पन सर, आमी जिंकलो असतो की."

"कुणाशी?" मी विचारलं.

"त्या घड्याळवाल्यांशी. त्यांच्यातली दोन पोरं आमच्या कंपनीत हायती. तीच सांगत व्हती, कबड्डीला सात गडी भरत नसायचे, मंग हॉस्टेलात जो झोपलेला घावंल त्याला उठवून आणायचे. पकड केली की आदी सॉरी म्हन्त्यात, सर! आन् बाकीची कालेजं काय लई वायली व्हती व्हय? मला इचारायचं तरी हुतं."

बस आली. सर चढले. खिडकीतून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. बस सुटल्यावर बबन हात हलवत राहिला.

दहा-बारा दिवसांनी कोकणातून माझ्या नावे कार्ड आलं. "चिटणीसांस अनेक आशीर्वाद. आठ दिवस सर्व बाजूंनी तपासून पाहिले. बबन जिंकला असता. तो हरेल, हे मी सिद्ध न करताच धरून चाललो. शहरातले म्हणजे वरचढ, एवढाच माझा आधार होता. त्याला माझी चूक कळवावी." खाली सही, आणि सहीखाली बारीक अक्षरात, "तर्कशास्त्राचे प्राध्यापक खरोखरच सामान्य दर्जाचे होते."

कार्ड घेऊन मी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर गेलो. बबनने ते वाचलं, पुन्हा वाचलं. "सर आठ दिस ह्याच्यावर इचार करत बसले व्हय?" म्हणाला आणि बाहीने डोळे पुसून आत गेला. मी तिथेच उभा राहिलो. सरांनी सगळी चूक स्वतःच्या नावावर घेतली होती. पण त्यांना कबड्डीतलं काही कळत नव्हतं. "शून्य" म्हणालो होतो तो मी, आणि मी तर बबनला तीन वर्षं रोज मैदानावर पाहत होतो.