तहकूब सभेचा अभ्यास

वर्षाली थूल यांचा विषय एका वाक्यात सांगता येतो: सभागृहं बंद कशी पडतात. समुद्रपूर तालुक्यातल्या, जाम गावच्या चौकाजवळच्या एका कॉलेजात त्या वीसेक वर्षं राज्यशास्त्र शिकवताहेत, आणि लोक त्यांना अजून विचारतात, "मॅडम, निवडणूक कधी लढवता?" लढवायची नसेल तर राज्यशास्त्र शिकून करायचं काय, असं लोकांना वाटतं. बाई म्हणतात, "कुणीतरी बसून बघायलाही पाहिजे ना!"

आणि त्या बसल्या. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पास मिळवून प्रेक्षक गॅलरीत बसल्या. तिथे बोलायला बंदी, टाळी वाजवायला बंदी, जरा वाकून पाहिलं तरी शिपाई हटकतो. खाली गोंधळ, घंटा, आणि कामकाज तहकूब. इतर जिथे कंटाळून उठून जात, तिथेच बाईंचे डोळे लकाकायचे. तहकुबीचा फायदा नेमका कुणाला होतो, यावर त्यांनी पीएच.डी. केली. मार्गदर्शक म्हणाले, आता दिल्ली गाठा, जामच्या चौकात राहून संसदेचा अभ्यास होत नसतो. हे बाईंना झोंबलं. का होत नाही? नागपूरची बस चौकात थांबते, पुस्तकं पोस्टाने येतात, आणि डोकं तर कुठेही सोबतच असतं. त्या मुद्दाम इथेच राहिल्या.

पण काखेतला कळसा दाखवला तो वडिलांनी. रूपराव थूल गावात वांगी-टमाटर पिकवतात. एका रविवारी जेवताना ते सहज म्हणाले, "उद्या गावात तकूब सभा हाय. जावं लागन."

"बाबा, तहकूब म्हणजे पुढे ढकललेली. मग पहिली कधी होती?"

"पयलीले कोणी जातच नाई, ते नुसती नावाची. खरी सभा तं तकूबच असते."

खरिपानंतर रब्बी येते, इतक्या सहज त्यांनी सांगितलं. बाई आधी हसल्या. मग हातातला घास हातातच राहिला. ग्रामसभेला ठरावीक मतदार जमले नाहीत तर ती तहकूब होते, आणि तहकूब सभेला मात्र गणसंख्येची अट नसते. हा नियम त्या दरवर्षी वर्गात शिकवत होत्या! म्हणजे पहिली सभा बाजाराच्या दिवशी ठेवायची, कोणी येणार नाही याची काळजी घ्यायची, आणि दुसरीत घरच्या चार माणसांनी हवं ते मंजूर करून घ्यायचं. अख्खं गाव "तकूब" हे सभेचं नावच समजून बसलं होतं. ग्रामसभेच्या आडातच नाही तर विधानसभेच्या पोहऱ्यात कुठून येणार?

बाई गावोगाव हिंडल्या आणि लेख लिहिला. एका पानावर स्वतःचं गाव नावानिशी घातलं. गुरांच्या चराईची जागा एका गोदामाला देण्याचा ठराव तिथे अशाच सभेत झाला होता. गोदाम सरपंचांच्या थोरल्या भावाचं, आणि हे थोरले भाऊ म्हणजे बापूरावजी, बाईंच्या कॉलेजचे अध्यक्ष.

बापूरावजींनी बोलावून घेतलं. चहा मागवला, थोडी साखरपेरणी केली, मग मुद्द्यावर आले. "मॅडम, मुंबईचं लिहा, दिल्लीचं लिहा. गावाले काऊन मधात ओढून राह्यल्या? ते एक पान काढा. तुमच्या प्रोफेसरपदाचं मी पाहून घेतो."

"विधानसभेवर लिहिलं तेव्हा तुम्हीच शाल-नारळ दिलं होतं, बापूरावजी."

"ते मोठ्या लोकायचं होतं."

"मोठ्यांना झोडपलं की शाल, आणि तुमच्या दारात आलं की पान काढा? पान राहील."

चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

खरी अडचण घरी निघाली. सगळं ऐकून रूपराव खाली मान घालून म्हणाले, "त्या ठरावावर माही सई हाय, पोरी. सभेले गेलतो, सई मागतली, केली. गोदामाचं मले मालूमच नव्हतं."

बापूरावजींपुढे न वाकलेल्या बाई इथे मात्र खचल्या. लेख छापून आला की गाव म्हणणार, शिकल्या लेकीनं बापालाच उघडं पाडलं. ज्या माणसाने वांगी विकून शिकवलं, त्याची चारचौघांत शोभा करायची?

"बाबा, मी ते पान काढते."

रूपराव भडकले. "काऊन काढतं? मी अडाणी ठरलो तं ठरलो. पण मले अडाणी ठेवणारा कोण, ते तं लेकाचं छापून येऊ दे!"

लेख पानासकट छापून आला. प्रोफेसरपदासाठी बाईंचं नाव कॉलेजने पुढे पाठवलंच नाही. पुढची ग्रामसभा पुन्हा ऐन बाजाराच्या दिवशी लागली. रूपरावांनी त्या दिवशी वांगी तोडलीच नाहीत. बापलेक जाऊन सतरंजीवर बसले. बाईंचं नावही गावच्याच मतदार यादीत आहे, त्यामुळे इथे त्यांना गप्प बसवणारा शिपाई नव्हता. आणखी तीन-चार बाया आल्या, त्यापुढे कोणी नाही.

ग्रामसेवकाने घड्याळ पाहिलं. "गणसंख्या नाई. सभा तहकूब. घरी जा, काका."

"तुमची तकूब झाली असन," रूपराव म्हणाले. "आमची चालू हाय."

आणि बाईंनी बसल्या जागेवरून, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात पहिला विषय पुकारला: चराईची जागा.