गालात बेहडा

लेकीच्या हळदीच्या दिवशी सकाळीच माझा आवाज बसला. लग्नघरात दुसऱ्या कुणाचा बसला असता तर चाललं असतं, पण आमच्यात हळदीचं पहिलं गाणं नवरीच्या आईनंच म्हणायचं असतं. माझ्या वेळी माझ्या आईनं म्हटलं होतं. धाकटी जाऊ म्हणाली, "कायले टेन्शन घेता, डीजेवाल्याले सांगू, तो लावते." मला असा राग आला! लेक माझी आणि गाणं डीजेचं?

सासूबाईंनी मडक्यातून वाळलेला बेहडा काढला. त्याला तूप लावून कणकेच्या गोळ्यात घातलं, चुलीच्या निखाऱ्यात भाजलं, मग फोडून बी फेकून दिली आणि साल माझ्या हातावर ठेवली.

"गालात धर अन् रस गियत राह्य. संध्याकायलोक बोलाचं नाई. बोलशीन त गुन येनार नाई."

संध्याकाळपर्यंत गप्प राहायची ही शिक्षा केवढी मोठी, ते आमच्या किन्हीराजात कुणालाही विचारा. माझी जीभ टाळूला लागत नाही. मंडपवाल्यानं दोर भलत्याच खांबाला बांधला, आचाऱ्यानं वरणात तिखट ओतलं, आणि मी गालात तुरट साल धरून नुसती डोळे वटारत होते. घरातल्या बायांनी तो दिवस सणासारखा साजरा केला.

दुपारी मालेगावहून नवरदेवाकडच्या बाया उष्टी हळद घेऊन आल्या. पुढे विहीणबाई. मी हात जोडले, हसले, पण बोलले नाही. त्यांचा चेहराच उतरला. लग्नात वरमाय रुसते हे सगळ्यांना ठाऊक आहे, मुलीची आई रुसलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

"काहून बोलत नाई विहीनबाई? आमचं काई चुकलं काय?"

मी घाईघाईनं गळ्याला हात लावून दाखवला. झालं!

"आवं आनलं आमी, पोरीचं डोरलं आनलं!" म्हणत त्यांनी पिशवीतली मंगळसूत्राची डबी काढून माझ्यासमोर उघडली.

मला असं हसू फुटलं की साल उडून त्यांच्या पदरावर. "आवाज बसला माहा!" मी ओरडले, आणि ओरडता आलं या आनंदानं पुन्हा हसत सुटले. मग तर त्याही हसायला लागल्या.

संध्याकाळी लेक पाटावर बसली आणि मी गाणं उचललं. आवाज फाटका होता, पण माझा होता. दोन कडवी छान गेली. तिसऱ्यात लेकीचं नाव घेऊन तिला 'जा बाई सासरी' म्हणायचं असतं. तिथं माझा गळा दाटला. त्यावर कुठलाच बेहडा चालत नाही. बाया माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात विहीणबाईंनी ती ओळ उचलली. माझ्या लेकीचं नाव घेतलं, आणि 'जा' च्या जागी 'ये' म्हटलं. मी रडता रडता टाळ्या वाजवायला लागले.