वरच्या खोलीतली घरघर

कोल्हापुरात आवाजातलं माझ्याएवढं कुणाला कळत न्हाय. रणजितचं गाणं पयल्यांदा ऐकलं तवा मी जाऊन वायर बदलली.

शिवाजी पेठेत माझं स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान. शाळेनं मला चौथीतच सोडलं, म्हणून ह्ये मी बोलतोय आणि भाची लिवून घेतीया. दुकानावरच्या खोलीत रणजित आणि त्येची आई, आक्का. त्यो विलायती रॉक म्हणायचा, पण मराठीत. ग्रंज म्हणत्यात त्येला. गिटार मुद्दाम फाटल्यागत वाजवायची, गळा बी तसाच. तालमीच्या गणपतीपुढं त्यो गायला उभा ऱ्हायला, आणि मला वाटलं स्पीकर गेला. वायर बदलली, बटणं फिरवून सगळं गुळगुळीत केलं. टाळ्या पडल्या. खाली उतरून म्हणाला, "दादा, माझ्या ओरडण्याला तेल लावून भांग पाडलास की." मला वाटलं कौतुक करतोय. मी पेढं वाटलं.

पुढं पुण्या-मुंबईची पोरं त्येला ऐकायला यायला लागली, आणि ह्यो तेवढाच आत आत जायला लागला. दारू, मग चार-चार दिवस गायब. घरात असला की गिटारचा स्पीकर मातर कधी बंद करायचा न्हाय, भाईर जाताना तेवढा करायचा. त्येची घरघर छतातनं माझ्या दुकानात यायची. घरघर हाय म्हंजे रणजित हाय... थांबली की गिऱ्हाईक सोडून रंकाळ्यावर पळायचो. त्यो तितं कट्ट्यावर बसलेला.

"आलास व्हय पहारा द्यायला?"

"न्हाय, भेळ खायला."

मग दोघं एकाच पुड्यातली भेळ खायचो.

त्या सकाळी आक्का जोतिबाला गेलती. वर घरघर चालू हुती, म्हणून मी निवांत चहात कडक बटर बुडवत बसलतो. दवाखान्यातनं फोन आला. दारूनं पोखरलाच हुता त्यो. रस्त्यात पडला, गेला. खिशात माझ्या दुकानाचं कार्ड घावलं म्हणं. आणि मी त्यास्नी सांगतोय, "दुसरा कोण तरी असंल बघा. त्यो वर हाय की. आवाज येतोय..."

म्हैना उलटला. आक्का रोज सकाळी त्यो स्पीकर लावतीया. लाईट गेली, घरघर थांबली की मी अजून जिन्याकडं पळतोय. काल बी पळालो. वर पोचलो तवर लाईट आली. घरघर जरा जास्तच वाटली, आक्काला तरास नको म्हणून मी बटणाकडं हात नेला.

आक्का मेथी निवडत हुती. वर बी न बघता म्हणाली, "हात लावू नगंस. तुला आवाजातलं काय कळतंय?"