पानगे झाल्यावर

१८ जानेवारी, रविवार. सकाळचं पहिलं काम पळसाची पानं पुसण्याचं. जानेवारीत ही पानं जुनी, जाड आणि धुळकट असतात, पण पानग्यांना तीच बरी. कोवळं पान विस्तवावर लगेच जळतं आणि कणकेला चिकटून बसतं. पानं धुवायची नाहीत. ओल्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसायची आणि वाऱ्यावर टाकायची. पान ओलं राहिलं तर पानगा भाजत नाही, उकडतो.

धान निघून गेल्यावर दर जानेवारीत आमच्या घरची सगळी माणसं एका रविवारी चोरखमाऱ्याच्या तलावाखाली, चुलत दिराच्या बांधीत जमतात. आमच्याकडे धानाच्या वावराला बांधी म्हणतात. तिथं गोवऱ्या पेटवून पानगे भाजायचे, म्हणजे जाड कणकेच्या थापट्या पळसाच्या दोन पानांत दाबून विस्तवावर ठेवायच्या. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. घरचा स्वयंपाक बायकांचा असला तरी पानगे माझा नवराच भाजतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या विस्तवाजवळ दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नाही.

यंदा मात्र त्याला पानगा खाता येणार नव्हता, आणि हे त्याच्याशिवाय फक्त मला माहीत होतं.

त्याचं तोंड उघडेनासं झालं होतं. आमच्या भागात खर्रा खातात, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून. नवऱ्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दुकानात बसल्यापासून त्याचा गाल कधी रिकामा नव्हता. दिवाळीत अनारसा तोंडात जाईना, तेव्हा त्यानं तो चुरून खाल्ला. डिसेंबरात मी त्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डावा गाल आतून पांढरा पडला होता, एक जखम होती आणि ती भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, नागपूरला जा, तुकडा काढून तपासून घ्या, उशीर करू नका.

नवरा आधी म्हणाला, धानाचा हंगाम संपू दे. या दिवसांत सगळ्यांच्या मोटारी बिघडतात. मग म्हणाला, "पानगे झाल्यावर जातो. अन् कोणाले सांगू नोको. बाईले त बिलकुल नाही."

बाई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती चिचगडला राहते. तिचा नवरा याच दुखण्यानं गेला होता.

मी बरं म्हटलं. भांडून माणसाला गाडीत बसवता येतं, पण दवाखान्याच्या खुर्चीत तोंड त्यालाच उघडावं लागतं.

बाहेरच्या जेवणाची तयारी करताना अर्ध्या गोष्टी घरीच उरकाव्यात आणि अर्ध्यांना घरी हातही लावू नये. कणीक भिजवून नेऊ नये, उन्हात आंबते. जाडसर दळलेल्या पिठात मीठ, ओवा आणि तेल चोळून कोरडंच न्यावं, पाणी तिथं घालावं. वांगी अख्खी न्यावी आणि तिथंच मिठाच्या पाण्यात चिरावी. मसाला मात्र घरी वाटून, तेल सुटेपर्यंत परतून डब्यात भरावा, म्हणजे बांधीत धुळीमध्ये वाटत बसावं लागत नाही. दही ज्या डब्यात लावलं तोच डबा न्यायचा, ओतून घेतलं की पाणी सुटतं. चहाचं दूध पूर्ण गार करून बाटलीत भरायचं, गरम भरलं तर दुपारी फाटणारच. पिण्याचं पाणी घरून. आणि विस्तव पेटवायच्या आधी बादली भरून शेजारी ठेवायची. तलावापासून जंगल लांब नाही आणि बांधीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पडलेली असते. एक ठिणगी पुरते.

सगळं झाल्यावर मी थर्मास गरम पाण्यानं विसळला, त्यात तांदळाची पेज भरली आणि थर्मास माझ्या पिशवीत तळाशी ठेवला.

बांधीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. नवऱ्यानं तणशीवर गोवऱ्या पेटवल्या आणि धूर संपायची वाट पाहत बसला. घाई करणाऱ्याचे पानगे वरून काळे आणि आतून कच्चे होतात. गोवऱ्यांवर पांढरी राख धरली की मगच पानगा ठेवायचा. हे तो दरवर्षी सांगतो, यंदाही सांगत होता, फक्त ओठ फार न हलवता.

"दादा, हात चालवा ना जरा," चुलत दीर ओरडला. "इकडं जीव जाऊन राहिला."

"जायचा असन त तिकडं बांधावर जाऊन सोड. इथं पानगे खराब होतीन."

सगळे हसले. तोही हसला, हात तोंडावर धरून.

थर्मास घेऊन मी बांधीतल्या पंपाच्या मोटारीच्या खोलीमागं गेले आणि त्याला खूण केली. तो आला, उभ्यानंच अर्धा पेला पेज प्यायला, मिशी पुसली आणि परत विस्तवाजवळ जाऊन बसला. पानगे उलटायचे, पान करपलं की सोलून टाकायचं, पानगा राखेत पुरायचा, काढून झटकायचा, फोडून त्यावर तूप सोडायचं आणि पुढच्याच्या ताटात टाकायचा. भाजणारा शेवटी जेवतो, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं त्याचं ताट कुठं आहे, असं कुणी विचारलं नाही. त्यानं हे सगळं विचार करूनच ठरवलं असणार.

ताईंनी विचारलं. माझी नणंद, त्याची बाई. त्या येताना लाखोरीची कोवळी पालेभाजी खुडून घेऊन आल्या होत्या आणि जेवण झाल्यावर हात न धुताच विस्तवापाशी येऊन बसल्या.

"काऊन रे, तू नाही बसत?"

"खाऊन राहिलो ना, भाजता भाजता."

"भाजता भाजता खाणारा तू कधीपासून झाला? बस इथं."

त्यांनी स्वतः ताट वाढलं. एक पानगा फोडला, तूप घातलं, वर वांग्याचा लाल रस्सा. आणि समोर बसून राहिल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दही पुढं केलं, आणखी काय करणार होते?

त्यानं पानग्याचा तुकडा तोडला, मग त्याचा अर्धा केला, मग त्याचाही. शेवटी नखाएवढा उरला तो उजव्या बाजूनं आत ढकलला. रस्सा जखमेला लागला असावा. मान खाली गेली आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"दादा, यंदा मिरची तुमाले खाऊन राहिली का?" दीर म्हणाला. "म्हातारे झाले न् जी तुमी!"

"धूर लागला," नवरा म्हणाला.

ताईंनी विस्तवाकडे पाहिलं. धूर केव्हाच संपला होता.

"घ्या, हे घ्या, मिरची उतरते," म्हणत दिरानं खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली.

"ठेव ते खिशात," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण दिराचा हात थांबला. मग त्या भावाकडे वळल्या. "तोंड उघड."

"बाई, लोकं आहेत."

"लोकं माह्याच घरचे आहेत. उघड."

त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं जोडून उभी धरली. "हे तीन बोटं उभे जाले पायजे. तुह्या भाऊजीचं मी रोज पायत होती. पयले तीन, मंग दोन, मंग चमचा."

त्यानं तोंड उघडलं. भाजीच्या मसाल्यानं लाल झालेली ती बोटं दातांना टेकली. दोन गेली, तीही सांध्यापर्यंत. तिसरं बाहेरच राहिलं. ताईंनी हात काढला आणि पदराला पुसला.

"केव्हापासून?" हे त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. दिवाळी, डॉक्टर, जखम, नागपूर. सगळं दोन-चार वाक्यांत झालं.

"मंग अजून इथं काऊन बसले तुमी?"

"पानगे झाल्यावर जातो म्हणाले."

"जातोच ना," नवरा म्हणाला. "मी कुठं नाही म्हणून राहिलो? हा आठवडा निघू दे. दुकानात एक-दोन मोटारी खोलून पडल्या, त्या झाल्या का…"

ताई उठल्या. विस्तव चांगला फुललेला होता. संध्याकाळच्या चहापर्यंत तो ठेवायचा असतो, आणि राखेत रताळी पुरलेली होती. त्यांनी शेजारची बादली दोन्ही हातांनी उचलली आणि सगळी विस्तवावर ओतली. मोठा आवाज झाला, पांढरी वाफ वर आली, राख उडून ताटांत पडली. दीर मागं सरकला.

"झाले पानगे," ताई म्हणाल्या.

पुरुष तलावाच्या पाळीकडे गेले. पिशवीतून थर्मास काढून मी नवऱ्यासमोर ठेवला. आता तो मोटारीच्या खोलीमागं न्यायचं काही कारण नव्हतं. त्यानं तिथंच बसून पेज प्यायली, सावकाश, पाठ आमच्याकडे करून.

ताई आणि मी भांडी घासायला बसलो. तणशीच्या चोळण्यानं कढईचा काळा थर काढता काढता त्या बोलत होत्या. कुणाला लोणच्याची कृती सांगावी तशा.

"टमाटर बंद कर. लिंबू बंद, ताक आंबट असन त तेही बंद, चरचरते. लाखोरीची भाजी दे, पन देठ काढून, मऊ घोटून. केळं कुस्करून तूप टाक. भात गिचका कर. गरम देऊ नोको, कोमट दे. चमचा लहान पोराचा घे."

"बरं."

"अन् ताटात नोको वाढू. वाटीत दे, लहान वाटीत, अर्धीच. भरलेलं ताट पायलं का माणूस घाबरते. त्याले वाटते, एवढं कवा सरन."

मी कढई उपडी केली.

"अन् समोर बसून पायत जाऊ नोको. मी पायत होती. तुह्या भाऊजींनं एक दिवस वाटी फेकून देली." त्यांनी हात धुतले. "चांगलं निघन, वाईट निघन, मले नाही माहीत. आम्ही गेलो तवा उशीर झाला होता. तुमी उशीर करू नोका, एवढंच."

जाताना त्यांनी उरलेली लाखोरीची भाजी माझ्या पिशवीत टाकली. ओल्या राखेतली रताळी मी उकरून घेतली, वाया कशाला घालवायची. अर्धी कच्ची होती. घरी नेऊन पुन्हा उकडली, सालं आणि शिरा काढून दुधात घोटली. रताळं गार झाल्यावर घोटलं तर गुठळ्या राहतात, गरम असतानाच घोटावं. नवऱ्यानं अर्धी वाटी खाल्ली.

खाऊन झाल्यावर म्हणाला, "उद्या एक माणूस मोटार न्यायले येणार आहे. सडक अर्जुनीवरून येऊन राहिला तो. त्याले कसं नाही म्हणू?"

मी वाटी उचलून नेली आणि घासून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ धुऊन शिजत टाकले आणि तो उठायच्या आत दुकान उघडलं. दुरुस्त झालेली मोटार शेजारच्या सायकलवाल्याच्या मदतीनं त्याच्याकडे ठेवली आणि सांगितलं, अर्जुनीचा माणूस येईल त्याला द्या. सायकलवाला म्हणाला, "भाभीजी, भैया कहाँ जा रहे?" मी म्हटलं, "नागपूर." दुकानाची किल्ली मी पर्समध्ये टाकली.

घरी येऊन पेज घोटली आणि गाळली, त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घातलं, थर्मास विसळून भरला. मुलं लहान असतानाचा चमचा वरच्या फळीवरच्या डब्यात सापडला, तो उकळून घेतला. दोन लहान वाट्या घेतल्या. डॉक्टरची चिठ्ठी, दोन जोड कपडे, टॉवेल. नवरा आंघोळ करून आला तेव्हा पिशवी दाराशी होती.

"अन् तो मोटारवाला?"

"मोटार सायकलवाल्याकडे आहे."

तो आत जाऊन शर्ट बदलून आला.

गाडीत आम्हाला समोरासमोर जागा मिळाली. तुमसर गेल्यावर मी अर्धी वाटी पेज ओतली, हात लावून कोमट असल्याची खात्री केली आणि चमच्यासह त्याच्या हातात दिली. मग उठले, त्याच्या बाजूच्या माणसाला माझ्या जागेवर बसायला सांगितलं, आणि नवऱ्याच्या शेजारी बसून वाटी खाली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.